राजकीय इस्लाम आणि पाश्चात्त्य लोकशाही: ट्युनिशियाकडून काय शिकायचं?

सह्याद्रीवारा:
परवा एका मित्राशी कडाक्याचं वाजलं, तो म्हणे मुसलमान आणि लोकशाही यांचं कधी जमणारच नाही. मला हे सरसकट बोलणं अजिबात पटत नाही, त्यामुळे आधीच सांगतो, माझा मुद्दा नमाज पढणाऱ्या माणसाबद्दल नाहीये. लंडन, पॅरिस, बर्लिनमध्ये लाखो लोक रोजे धरतात, कर भरतात, मत देतात, तिथल्या कायद्याशी त्यांचं काही भांडण नाही. माझा आक्षेप राजकीय इस्लामवर आहे, म्हणजे १९२८ साली हसन अल-बन्ना यांनी इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहूड काढली तेव्हापासून जो विचार चालत आलाय, की धर्म नुसता घरात-मशिदीत नाही तर राज्यकारभार आणि कायदाही त्यातूनच यायला हवा. आता कायदा देवाचा म्हटला की तो बहुमताने बदलायचा कसा? इथेच गाडं अडतं.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये तुर्कस्तानातल्या रफाह या इस्लामी पक्षावरची बंदी एकमताने योग्य ठरवली. त्या पक्षाच्या नेत्यांनी मांडलेलं की ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे ज्याला त्याला वेगळा कायदा असावा. ऐकायला उदार वाटतं, पण मग बाईला घटस्फोट कसा मिळणार हे ती कुठल्या घरात जन्मली त्यावर ठरणार. मला तो निकाल पूर्ण पटतो. तुमचं काय मत?

कोकणमेवा:
निकाल पटला, पण त्याचं पुढे काय झालं ते बघितलंत का? रफाहला १९९५ च्या निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं होती, सुमारे २१ टक्के, त्याचे नेते एर्बाकान पंतप्रधान झाले, ९७ मध्ये लष्कराच्या दबावाने गेले, ९८ मध्ये पक्ष बंद. आणि २००२ मध्ये त्याच मुशीतून निघालेले लोक एर्दोगान यांच्या नव्या पक्षातून सत्तेत आले ते आजतागायत. अल्जीरियात तर १९९२ च्या जानेवारीत इस्लामी पक्ष जिंकणार दिसल्यावर लष्कराने निवडणूकच रद्द केली, पुढची दहा वर्षं नुसता रक्तपात. बंदीने विचार मरत नाही हो.

उलट ट्युनिशियात एन्नाहदा या इस्लामी पक्षाला २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या, घटनेच्या मसुद्यात बाई पुरुषाला 'पूरक' असा शब्द आला, ऑगस्ट २०१२ मध्ये बायका ट्युनिसच्या रस्त्यावर उतरल्या आणि तो शब्द गेला. जानेवारी २०१४ मध्ये सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देणारी घटना २०० मतांनी मंजूर झाली, विरोधात फक्त १२. एन्नाहदाने सत्ताही सोडली, आणि ती निवडणूक हरून नव्हे, बोलणी करून. लोकशाहीचा गळा दाबला तो २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी, जे कुठल्याच इस्लामी पक्षाचे नाहीत. पक्षाचे म्हातारे नेते राशिद घनूशी २०२३ पासून तुरुंगात आहेत. मग लोकशाहीला धोका नक्की कोणाचा होता?

सह्याद्रीवारा:
कोकणमेवा, सईद यांचं मी समर्थन करणार नाही, ते चूकच. पण एन्नाहदा मनापासून बदलली म्हणता ते काही पटत नाही. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, लोक संसदेबाहेर ठाण मांडून बसले, शेजारी इजिप्तमध्ये ब्रदरहूडचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना लष्कराने उचललं, एवढं सगळं डोक्यावर आल्यावर सोडली सत्ता. आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी मुलीला मुलाइतका वारसाहक्क द्यायचा प्रस्ताव आणला तेव्हा विरोध कोणी केला? याच एन्नाहदाने, तेही 'आम्ही आता राजकीय इस्लाम सोडला' असं २०१६ च्या अधिवेशनात जाहीर केल्यावर. जिथे खरी परीक्षा होती तिथे ग्रंथच वर आला.

रिकामी_ओंजळ:
नाइलाजाने बदलले म्हणून बदल खोटा कसा ठरतो? १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी धर्मस्वातंत्र्याची कल्पनाच चूक म्हणून जाहीर केली होती, आणि व्हॅटिकनने ते स्वातंत्र्य अधिकृतपणे मानलं १९६५ मध्ये. शंभर वर्षं लागली, मधे दोन महायुद्धं झाली. तेही काही एका रात्रीत कुणाला साक्षात्कार होऊन घडलेलं नाही. ख्रिश्चन पक्षांना वेळ मिळाला तसा यांनाही द्यायला नको का?

सह्याद्रीवारा:
वेळ द्या, पण त्या शंभर वर्षांचा भार कोणी सोसायचा? ज्या मुलीला निम्मा वाटा मिळतोय तिने?

थेम्सकाठची:
मी इंग्लंडात राहते, माझी शेजारीण मूळची बांगलादेशातल्या सिल्हेटची. तिचा निकाह मशिदीत झाला, कचेरीत नोंद केलीच नाही, नवरा म्हणाला कशाला तो खर्च. इथे नुसता निकाह कायद्याने लग्नच धरत नाहीत हे तिला बारा वर्षांनी कळलं, जेव्हा तो निघून गेला. मग शरिया कौन्सिल, म्हणजे इस्लामी कायद्याप्रमाणे घटस्फोट वगैरे ठरवणारं मंडळ. मी तिच्यासोबत गेले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात मुलांचे जन्मदाखले, ते तिथे कोणी बघितलेसुद्धा नाहीत. समोर तिघे पुरुष, पहिला प्रश्न, समेटाचा प्रयत्न केला का?

सरकारने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये सांगितलं की अशा कौन्सिलांकडे येणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त बायका असतात, घटस्फोटासाठी. तुम्ही पक्ष आणि निवडणुका मोजताय, पण माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

कोकणमेवा:
ताई, हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण हा राजकीय इस्लाम आहे की रूढी?

चिपळूणचा_पाऊस:
दोन्ही आहे, आणि आपल्याकडे हे हमीद दलवाईंनी कधीच सांगून ठेवलंय. १८ एप्रिल १९६६ ला सात बायका घेऊन त्यांनी विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात! त्यांना समाजातल्या पुढाऱ्यांनी झोडपलं आणि बाहेरच्या पुरोगाम्यांनीही लांबच ठेवलं. पश्चिमेतही सरकारं 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून दाढीवाल्यांनाच बोलावतात, त्या समाजातली बंडखोर बाई बाहेरच राहते. कॅनडात ऑन्टॅरिओने बरोबर केलं, शरिया लवादाची मागणी आली तेव्हा ज्यू, ख्रिश्चन, सगळ्यांचेच धार्मिक लवाद कायद्याबाहेर काढले. ब्रिटननेही कौन्सिलं बंद करावीत.

थेम्सकाठची:
बंद केली तर ती कुठे जाणार? कुठल्यातरी मौलवीच्या दिवाणखान्यात, जिथे कागदसुद्धा देत नाहीत. कारण ती श्रद्धाळू आहे हो, खुला, म्हणजे बाईने मागून घेतलेला धार्मिक घटस्फोट, झाल्याशिवाय स्वतःला मोकळी मानणारच नाही. त्या समितीनेही बंदी नको म्हटलं, निकाहाबरोबर सरकारी नोंद सक्तीची करा म्हटलं. तेवढं जरी झालं असतं तरी ती कोर्टात उभी राहू शकली असती. मार्चमध्ये मिळाला तिला खुला. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने दिलेली रक्कम, परत द्यावा लागला, आणि घरावर नाव नवऱ्याचं एकट्याचं.