मदत हवी आहे: 'ऑल इन'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका कंपनीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडलेय: 'वुई आर ऑल इन ऑन सोलर.'

मूळ पोकर या पत्त्यांच्या जुगारातलं. खेळाडू समोरच्या सगळ्या चिप्स एकाच डावावर लावतो, तेव्हा तो 'ऑल इन'. म्हणजे आपलं 'सर्वस्व पणाला लावणं' अगदी चपखल, जुगारासकट! पण ते लिहिलं की द्यूतसभेतला धर्मराज डोळ्यांपुढे येतो. सौर पॅनेल विकणाऱ्यांना ते कसं परवडेल? 'कंबर कसली' म्हटलं तर नुसती तयारी वाटते. 'परतीचे दोर कापले'मध्ये थेट कोंढाणा आणि सूर्याजी, फारच रणांगणी. 'झोकून दिलंय' त्यातल्या त्यात जवळचं, पण ते माणसाला शोभतं. कंपनीला चालेल का?

शिवाय ब्रिटिश बोलीत 'आय ॲम ऑल इन' म्हणजे 'पार थकलोय', आणि 'ऑल-इन प्राइस' म्हणजे सगळे खर्च धरून किंमत. हे दोन्ही इथे नाहीत, एवढं नक्की.

तुम्ही काय लिहाल? पूर्ण वाक्यच सुचवा, प्लीज. आणि मित्र सहलीचा बेत सांगतो, त्यावर कोणी 'आयम ऑल इन!' म्हणालं, तर तिथे नुसतं 'मी तयार!' पुरेल ना?