बेटांसाठी डिंगी: कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,
जुलैत मित्राच्या बोटीने आठवडाभर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची सॅन हुआन बेटं फिरणार आहोत. चार मोठे, दोन मुलं. किनाऱ्यावर उतरायला डिंगी (हवा भरायची छोटी बोट) घ्यायची आहे. दुकानदार कडक तळाची दहा फुटी आणि ६ हॉर्सपॉवरचं इंजिन गळ्यात मारतोय. काका, नाशकात आहात, तरी सांगाल?

---

अरे, गंगापूर धरणावर फिरून आलो तर तुझी मेल.
आधी सांग, इंजिन उचलणार कोण? बोटीवरून डिंगीत, संध्याकाळी परत वर. अडीच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिनही १४ ते १७ किलो भरतं, ६ चं पंचवीसच्या आसपास. गणपतीत बाकं उचलताना तुझ्या कमरेचं काय झालं ते मंडळाने पाहिलंय. अडीचचंच घे. किनारा जवळ असतो, दोन खेपा कर.

डिंगीही हलकीच हवी. आपल्याला नाशकात गोदावरीचं पाणी कुठवर चढलं ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती सांगते. त्याच्या कमरेला लागलं की सराफ बाजार आवराआवर करतो. तिकडे असा मारुती नाही आणि भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचाही फरक पडतो. सुशिया बेटावर आम्ही डिंगी वाळूवर ओढून जंगलात गेलो. परतलो तर ती तरंगत आत समुद्रात गेलेली, पाणी बर्फासारखं. एका कयाकवाल्याने आणून दिली. म्हणून वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्याही वर उचलून न्यायची, आणि दोर झाडाला. फरफटवायची नाही, शिंपले सुरीसारखे कापतात.

कापड पीव्हीसीचं चालेल. हायपॅलॉन हे रबरी कापड उन्हात जास्त टिकतं, पण आठवड्याच्या हौसेला कशाला एवढे पैसे? दोर मात्र तरंगणारा घे, नाहीतर बोट मागे घेताना तिच्या पंख्यात जातो. (गेलाय. विचारू नकोस.)

वल्ही, पंप, ठिगळाचं सामान, शिट्टी, टॉर्च. किल-कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी डिंगीत लाइफ जॅकेट घालणं वॉशिंग्टनमध्ये कायद्यानेच सक्तीचं आहे.

---

काका, ही म्हणते इलेक्ट्रिक घ्या, पेट्रोलचा वास नको.

---

सूनबाईंचं बरोबर आहे. बॅटरी वेगळी निघते, त्यामुळे उचलायलाही सोपं. फक्त मित्राला विचार, बोटीवर ती चार्ज होईल का. नाही म्हणाला तर पेट्रोल, आणि इंजिन कुठलंही असो, वल्ही बरोबर हवीतच.