छत काळं करा, काचांना मात्र जपून

एकाने विचारलंय की कमी पैशांत पांढऱ्या हॅचबॅकचं छत ग्लॉस काळं आणि काचा गडद होतील का. छत जरूर करा. छतावर चिकटवायच्या व्हिनाइल फिल्मचा रोल १.५२ मीटर रुंद येतो, लहान गाडीला दोन मीटर लांबी पुरते. फक्त ‘कास्ट’ (ओतून बनवलेलं) व्हिनाइल मागा. स्वस्त ‘कॅलेंडर्ड’ (रोलरखाली दाबून बनवलेलं) उन्हात आकसतं आणि कडा उघड्या पडतात.

अँटेना काढा, छत धुवा, क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डांबराचा एक कण राहिला तरी ग्लॉसमध्ये पुळीसारखा दिसतो. फिल्म पसरून मधून कडेकडे स्क्वीजी (दाबून बसवायची पट्टी) मारा, तिच्या कडेला फेल्टचं मऊ कापड हवंच, नाहीतर ओरखडे. ताणून बसवलेली फिल्म पुन्हा मूळ आकाराकडे जाते, म्हणून शेवटी कडांना हीट गनने साधारण ९० अंश द्यायचे. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि पहिल्या पावसात कोपरा सुटतो. नंतर पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर सांभाळून. फिल्म काढताना रंगही सोबत येऊ शकतो.

काचांचं गणित वेगळं. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, तोही काच आणि फिल्म मिळून. कंपनीची काचच समजा ७५ टक्के सोडत असेल, तर ७० टक्क्यांची फिल्म लावून उरतात ५२.५. बाजूला कसंबसं चालेल, पुढे नाही. ‘५० टक्केवाली लावा, चालतं’ म्हणणारा दुकानदार गुणाकार विसरतोय.

अख्खी गाडी रॅप करून, म्हणजे फिल्मने झाकून, रंग बदलला, तर आरसीवर नोंद लागेल.