मुलांची चित्रं तुम्ही कशी जपलीत?

डोंबिवली: पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. माळ्यावरून लेकीच्या चित्रांनी भरलेल्या तीन पिशव्या निघाल्या. बालवाडीपासून पाचवीपर्यंतची सगळी. रात्री दोन वाजेपर्यंत ती जमिनीवर पसरून बसले होते. एका कागदावर नुसत्या काळ्या-निळ्या रेघा आहेत, मधे पिवळे ठिपके. ते दाखवायला ती धावत आली होती, एवढं पक्कं आठवतं. ती काय म्हणाली होती ते मात्र काही केल्या आठवेना. मागे काही लिहिलेलंही नाही. नवं घर लहान आहे, सगळं नेता येणार नाही. तुम्ही काय ठेवलंत, काय सोडलंत, कागद टिकवलेत कसे ते सविस्तर लिहा. काही फसलं असेल तर तेही सांगा.

गोरेगाव: फसलेलंच आधी सांगते. मुलाचं पहिलं ‘आमचं घर’ मी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करायला दिलं. चित्र तेलखडूचं होतं. तेलखडूत तेल आणि मेण असतं, यंत्राच्या उष्णतेनं ते पातळ झालं आणि बाबांचा चेहरा दारावर पसरला. प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, सोडवताही येत नाही. मूळ चित्र कृपा करून लॅमिनेट करू नका. ते 300 डीपीआयला स्कॅन करा, नाहीतर खिडकीशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. लॅमिनेशन करायचंच असेल तर त्या प्रतीचं करा.

सावंतवाडी: आमच्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी, कसर आणि वाळवी, तिघींपासून सांभाळावं लागतं. पत्र्याची ट्रंक घेतली. ती भिंतीपासून लांब, विटांवर ठेवलेली असते. चित्रं गुंडाळायची नाहीत, पोस्टर कलरचे पोपडे निघतात. आडवी ठेवायची, दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालायचा. वर्तमानपत्र नको, ते स्वतः पिवळं पडतं आणि शेजारच्या कागदालाही डाग देतं. कोपऱ्यांत वेखंडाचे तुकडे आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. दसऱ्यानंतर सगळं सावलीत वाऱ्यावर पसरते. उन्हात ठेवलं तर स्केचपेनचा रंग उडतो.

कालिना: 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमचं घर तळमजल्यावर, आणि थोरल्याची चित्रं कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर लगदा उपसला. स्केचपेन आणि जलरंगाचं सगळं गेलं होतं, नुसते जांभळट डाग उरले होते. पेन्सिल आणि मेणखडूची नऊ चित्रं वाचली. ती दोरीवर चिमटे लावून वाळवली, अजून आहेत, गाळाच्या रेषेसकट. आता चित्रं वरच्या खणात असतात आणि स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावी बहिणीकडे.

एडिसन, न्यू जर्सी: आमचे बाबा वाईला असत. तहसील कचेरीत बारनिशीला नोकरी केलेली, म्हणजे आयुष्यभर आवक-जावक नोंदी. माझी मुलगी इथून त्यांना टपालानं चित्रं पाठवायची. तिला मराठी बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्राच्या जागी चित्र. बाबा फोनवर एवढंच म्हणायचे, “मिळालं हो.”

ते गेल्यावर कपाट आवरताना लाल फितीनं बांधलेली एक फाइल निघाली. प्रत्येक चित्राच्या मागे, कोपऱ्यात, हलक्या पेन्सिलीनं लिहिलेलं: आवक क्र. 14, मिळाल्याची तारीख आणि खाली एक ओळ. ‘बर्फात कुत्रा. कुत्र्यास मोजे घातले आहेत.’ ‘फोनवर विचारले. मोठी बाई म्हणजे आजी.’ एकूण 63 चित्रं, एकही क्रमांक गाळलेला नाही. पाकिटंसुद्धा टाचून ठेवलेली. टाचण्या गंजून कागदावर डाग पडायला लागले होते, तेवढ्या मी काढल्या, बाकी कशालाही हात लावला नाही. फाइल घेऊन आले, मुलीला एकेक ओळ वाचून दाखवू लागले. विसाव्या क्रमांकाला तिनं थांबवलं. पुढचं मी स्वतः वाचेन म्हणाली. सध्या तिची बाराखडी चालू आहे.

कोल्हापूर: चित्रकलेचा शिक्षक आहे. पालक दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि झोपडी असलेलं चित्र हौसेनं फ्रेम करतात. तसं चित्र वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. जपायचं ते त्याच्या आधीचं. दोन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्या. मग पहिल्यांदा टोकाला टोक जुळलेला गोल. मग तीन-चार वर्षांचं असताना डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस. मग मूल कागदाच्या तळाशी आडवी रेघ ओढतं आणि झाड, घर, माणसं त्या रेघेवर उभी राहतात. प्रत्येक टप्प्याचं एक ठेवलंत तरी पुरे, फक्त मागे तारीख घाला. बॉलपेननं नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो.

नाशिक: नातवाची बारा चित्रं मी कार्बन पेपरनं जुन्या सुती साडीवर उतरवली. रेघ जिथे वाकडी होती तिथे ती तशीच ठेवून साखळी टाक्यानं भरली, आणि त्या साडीची गोधडी शिवली. तो आता दहावीत आहे. पांघरूण म्हणून दुसरं काही दिलं तर घेत नाही.

पुणे: दिवाळीतला किल्ला कुठल्या फाइलमध्ये ठेवणार? आमची मुलं दगड-विटा, पोती आणि मातीचा प्रतापगड करायची, वर अळीव पेरायची. तुळशीच्या लग्नापर्यंत तो उभा असायचा. मोडण्याआधी मी त्यांना गड दाखवायला सांगायचो आणि फोनवर चित्रण करायचो: महाद्वार कुठे, पाण्याचं टाकं कुठे. सगळ्यात जुन्या चित्रणात धाकट्याला ‘र’ म्हणता येत नाही, तो ‘प्लतापगड’ म्हणतो. तेवढ्यासाठी तरी आवाज बंद करून चित्रण करू नका.

बडोदा: एकच सांगायचंय. टाकायच्या आधी मुलांना विचारा, नातेवाइकांना दाखवायच्या आधीही. माझा मुलगा सात वर्षांचा असताना मी त्याचं चित्र न विचारता सगळ्यांना पाठवलं. त्यानंतर कितीतरी महिने तो मला चित्र दाखवत नव्हता.

डोंबिवली: सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल लेकीला शेजारी बसवलं. तिनं 40 चित्रं निवडली. मला आवडणारं बक्षिसाचं चित्र तिनं सहज बाजूला सारलं, ते शिकवणीच्या बाईंनी नीट करून दिलं होतं म्हणाली. बाकीच्यांचे फोटो काढले. काळ्या-निळ्या रेघांचं तिलाही आठवलं नाही, पण ठेवू या म्हणाली. मग पेन्सिल घेऊन तिनंच मागे लिहिलं: ‘मी मोठ्या शिशूत होते. आईला वाटतं पाऊस. मला वाटतं आजीचं विणकाम.’