ए. एन. एल. मन्बी कोणी वाचलाय का? (ग्रंथसंग्रहाचा अभ्यासक, भुताच्या गोष्टींचं एकच पुस्तक)

वाचनवेडी:
नमस्कार मंडळी. एम. आर. जेम्सच्या भुताच्या गोष्टी वाचून संपल्या आणि आता त्याच जातीचं अजून काहीतरी हवंय, म्हणजे रक्तबिक्त नको, जुनं चर्च, जुनी हस्तलिखितं, एखादा सरळमार्गी अभ्यासू माणूस आणि हळूहळू चढत जाणारी भीती. शोधताना मन्बी हे नाव मिळालं. गोष्टींचं एकच पुस्तक दिसतंय, 'द अलाबास्टर हँड', १९४९ चं, चौदा कथा. बाकी आयुष्यभर हा माणूस म्हणे पुस्तकं जमवणाऱ्या लोकांवर संशोधन करत होता. तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. कथांमध्ये त्याचं स्वतःचं काही आहे की जेम्सचीच री ओढलीय? आणि ते ग्रंथसंग्रहावरचं लिखाण, मला त्या विषयातलं ओ का ठो कळत नाही, तर ते झेपेल का? जुनी पुस्तकं परदेशातून मागवायची म्हणजे खर्चाचं काम, म्हणून आधी विचारतेय.

जुनाबाजार:
वा, मन्बीबद्दल कोणीतरी विचारलं! माझा अत्यंत आवडता माणूस आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

जन्म १९१३. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकला, तिथून लंडनला क्वारिच म्हणजे दुर्मिळ पुस्तकांचा फार जुना नावाजलेला व्यापारी, त्यांच्याकडे नोकरी, मग सदबीज या लिलाववाल्यांकडे. म्हणजे विशीतच त्याच्या हाताखालून शेकडो वर्षांची पुस्तकं गेली, कोणाच्या घरातून आली, मधे कोणाकडे होती, पानावर कोणाची सही आहे, कोणतं पान फाडलंय, हे सगळं बघून कॅटलॉगमधली नोंद लिहायची हे त्याचं रोजचं काम. आणि मग युद्ध. १९४० मध्ये फ्रान्समधलं कॅले बंदर जर्मनांनी जिंकलं तेव्हा तो त्यांच्या हाती सापडला आणि थेट १९४५ पर्यंत युद्धकैदी. या कथा त्याने त्या कैदेत लिहिल्यात, बव्हेरियातल्या आइश्टॅटच्या अधिकाऱ्यांच्या छावणीत, काही तर आधी कैद्यांच्या स्वतःच्या मासिकात आल्या होत्या.

हे माहीत असलं की कथा वेगळ्याच वाचल्या जातात असं मला मनापासून वाटतं. कारण त्यात सगळीकडे इंग्लंडमधली जुनी घरं, खेड्यातली चर्चं, पुस्तकांची दुकानं, लिलाव, शेकोटीजवळच्या गप्पा, आणि लिहिणारा काटेरी तारांच्या आत बसलाय, जवळ संदर्भाला ग्रंथालय नाही, आपली कपाटं नाहीत. सगळं आठवणीतून. भूत येतं ते येतंच पण त्याच्या आधी तो ते घर, ती खोली, ते बायंडिंग ज्या मायेने उभं करतो ना, तिथे माझा जीव अडकतो.

नक्कल म्हणाल तर त्याने लपवलेलं काहीच नाही, पुस्तकाची अर्पणपत्रिकाच लॅटिनमधून जेम्सला आहे, आपल्या कॉलेजचा पूर्वीचा प्रमुख आणि या प्रकारच्या कथांचा जनक म्हणून. पण फरक आहे. जेम्सच्या कथेत विद्वान माणूस वस्तू शोधतो आणि फसतो. मन्बीच्या कथेत बऱ्याचदा वस्तूचा व्यवहार चाललेला असतो, कोणीतरी विकतंय, कोणीतरी घेतंय, यादी होतेय. एका कथेचं नावच 'नंबर सेव्हंटी-नाइन', कॅटलॉगमधला नंबर! पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा त्याच्याबरोबर अजून काय जातं, ही त्याची भीती आहे, आणि ती त्या धंद्यात काम केलेल्या माणसालाच सुचू शकते.

अमावस्या:
जुनाबाजार, तुमचं प्रेम कळतं पण मी थोडा वेगळं मत मांडतो. भीतीचाच विचार केला तर जेम्स कितीतरी वर आहे. मन्बीच्या निम्म्या कथा सौम्य आहेत, सभ्य माणसाने सभ्य माणसाला सांगितलेला किस्सा असावा तशा, आणि शेवट दोन पानं आधीच कळतो. जेम्समध्ये एखादं केसाळ, ओलं काहीतरी हाताला लागतं आणि पुढे आठवडाभर उशीखाली हात घालवत नाही. मन्बीत तसं फार कमी.

पण काही कथा खरोखर जमल्यात. शीर्षककथेत चर्चमधल्या थडग्यावर कोरलेल्या पांढऱ्या दगडाच्या आकृतीचा हात आहे, तो प्रसंग चांगलाच अंगावर येतो. आणि 'ॲन एन्काउंटर इन द मिस्ट'. डोंगरात धुकं, वाट चुकलेला माणूस, आणि त्याला नकाशा देणारा एक भला म्हातारा. पुढचं सांगत नाही. एवढंच म्हणेन की भुताचा हेतू चांगला असूनही जीव धोक्यात येऊ शकतो ही कल्पना मी दुसरीकडे इतक्या साधेपणाने मांडलेली वाचली नाही.

केंब्रिजकर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. १९४७ ला मन्बी परत किंग्ज कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आला आणि १९७४ ला वारला तोपर्यंत तिथेच होता. मोठं काम म्हणजे 'फिलिप्स स्टडीज', १९५१ ते १९६० मध्ये पाच खंड, विषय सर थॉमस फिलिप्स. आणि वाचनवेडी, हे झेपेल का असं विचारूच नका, कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त खिळवून ठेवतं!

फिलिप्स (१७९२ ते १८७२) हा वूस्टरशरमधल्या मिडल हिल नावाच्या वाड्याचा मालक. याने सुमारे ६०,००० हस्तलिखितं आणि जवळपास ५०,००० छापील पुस्तकं जमवली. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मला हवी असं त्याने म्हातारपणी एका मित्राला पत्रात लिहिलंय. चर्मपत्रावरची जुनी हस्तलिखितं तेव्हा रद्दीच्या भावात जात, सोन्याचा वर्ख ठोकणारे वगैरे ती घेऊन तोडून वापरत, तर फिलिप्सचं म्हणणं की मी मुद्दाम जास्त किंमत देतो म्हणजे लोक ती नष्ट करणार नाहीत. आणि ते खरंही ठरलं, आज मोठमोठ्या ग्रंथालयांत जे आहे त्यातलं कितीतरी त्याच्यामुळे वाचलं.

पण किंमत कोणी मोजली? पुस्तकविक्रेत्यांची बिलं वर्षानुवर्षं थकवलेली, घरात खोलीमागून खोली पुस्तकांनी भरलेली, बायकोमुलींना धड वावरायला जागा नाही. आग लागली तर उचलून नेता यावं म्हणून पुस्तकं पुढचं झाकण उघडणाऱ्या शवपेटीसारख्या खोक्यांत. थोरल्या मुलीने, हेन्रिएटाने, १८४२ मध्ये हॅलिवेल या शेक्सपिअरच्या अभ्यासकाशी पळून लग्न केलं, आणि याने ते मरेपर्यंत माफ केलं नाही. मिडल हिल वारसाहक्काने त्यांच्याकडे जाणार आणि ते कायद्याने अडवता येईना, तर याने तिथली झाडं तोडली, वाडा मोडकळीला येऊ दिला आणि शंभरावर गाड्या भरून संग्रह चेल्टनहॅम गावातल्या दुसऱ्या घरी हलवला. मृत्युपत्रात अट, मुलगी, जावई आणि कुठलाही कॅथलिक या नव्या घरात पाऊल ठेवणार नाही. आता सांगा, भुताच्या गोष्टीत याहून काय वेगळं असतं? मला तर ते खंड वाचताना सतत वाटत होतं की हे लिहायला भुताच्या कथा लिहिलेलाच माणूस हवा होता. मन्बी त्याची टर उडवत नाही आणि त्याला महान संतही करत नाही. पत्रं, बिलं, कॅटलॉग, सगळं समोर ठेवतो आणि त्या मुलींकडेही लक्ष देतो.

पाच खंड नको असतील तर त्यांचं एका पुस्तकात केलेलं संक्षिप्त रूप १९६७ ला निघालं, 'पोर्ट्रेट ऑफ ॲन ऑब्सेशन', निकोलस बार्करने केलेलं. सुरुवात त्याने करा.

वाचनवेडी:
बापरे, केंब्रिजकर, तुमच्या प्रतिसादाने माझा क्रमच बदलला, मी आता आधी ते संक्षिप्त पुस्तक शोधते. एक विचारू का, एवढ्या संग्रहाचं पुढे झालं काय?

केंब्रिजकर:
विकला गेला, आणि विकायलाच शंभर वर्षं लागली! नातू फेनविकने लिलावांमागून लिलाव केले, बर्लिन वगैरे ठिकाणच्या ग्रंथालयांना गठ्ठ्याने विकलं, तरी संपेना. उरलेलं सगळं १९४५-४६ च्या सुमारास रॉबिन्सन बंधू या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी १,००,००० पौंडांना घेतलं, त्यातही आधी कोणी न पाहिलेलं बरंच निघालं. पाचवा खंड पूर्ण याच विषयावर आहे, संग्रह कसा फुटत गेला.

जुनाबाजार:
आणि कथांचं पुस्तक मिळालं तर पहिली 'हेरोडस रेडिव्हायव्हस' वाचा. ब्रिस्टलमधलं जुन्या पुस्तकांचं दुकान, एक शाळकरी मुलगा आणि एक पुस्तक. अमावस्या, तुम्ही ही वाचलीय का? सौम्य म्हणालात म्हणून विचारतोय, मला तरी त्या दुकानदाराची भीती जेम्सच्या कुठल्याही भुताइतकी वाटली, आणि तो तर जिवंत माणूस आहे.

अमावस्या:
वाचलीय, आणि ती सौम्य नाही, ते मान्य. पण रात्री एकटीने वाचायची असेल तर 'द ट्रेगॅनेट बुक ऑफ अवर्स' त्याआधी घ्या (बुक ऑफ अवर्स म्हणजे जुनी सचित्र प्रार्थनापोथी), त्यात हस्तलिखितातली चित्रं आहेत, तुम्हाला जेम्स आवडतो तर तिथे लगेच ओळख पटेल.