तारीख सांगता येत नाही, पण फरक पडला आहे : इंदूरच्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींचे अनुभव

आवाहन

उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्याच्या सभेत, आपला अनुभव साक्ष म्हणून सांगायला उभे राहणारे बहुतेक जण एक तारीख सांगतात. अमुक वर्षी, अमुक वक्त्याचा संदेश ऐकताना प्रभूने आपल्याला स्पर्श केला, असे ते सांगतात, आणि दमास्कसच्या वाटेवर शौलाचे, म्हणजे पुढच्या पौलाचे, एका क्षणात जे परिवर्तन झाले ते मानणाऱ्याने या साक्षींना नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचा बाप्तिस्मा आईच्या कडेवर असताना झाला, वचने शब्बाथशाळेत पाठ झाली, दृढीकरणाच्या, म्हणजे बालपणीचा बाप्तिस्मा स्वतःच्या तोंडाने पक्का करण्याच्या, दिवशी आपण इस्त्रीचे पांढरे कपडे घालून रांगेत उभे राहिलो, आणि त्यानंतर नेमके केव्हा काय घडले असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. या गप्प बसणाऱ्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते कसे रुजले व वाढले हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आपल्या स्वभावात, व्यवहारात किंवा प्रार्थनेत वर्षानुवर्षांत असा कोणता बदल झाला, तो कशावरून लक्षात आला, एवढेच सांगावे. आजारातून सुटका, नोकरी लागणे, हे विषय तूर्त बाजूला ठेवू. नाव देण्याची गरज नाही. प्रवचन मात्र नको. ते आपण रविवारी ऐकतोच.

सेवानिवृत्त शिक्षिका, छावणी

माझे वडील अहमदनगरकडून नोकरीसाठी इंदुरात आले आणि येथेच स्थायिक झाले. चर्चमधील उपासना हिंदीत होत असे, पण रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मराठीतच व्हावी, असा त्यांचा दंडक होता. जेवणाची भांडी आवरून झाली की सतरंजीवर सर्वांनी बसायचे, एक गीत, एक स्तोत्र आणि मग धाकट्यापासून थोरल्यापर्यंत प्रत्येकाची प्रार्थना. शेजारच्या मुलांचा खेळ ऐन रंगात आलेला असताना आम्हाला हाक येई, त्यामुळे या प्रार्थनेचा मला मनापासून कंटाळा होता, हे सांगण्यास आता हरकत नाही.

लग्नानंतर मी प्रार्थनेची वही ठेवू लागले. मध्यंतरी घर रंगवायला काढले तेव्हा जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली आला आणि त्यातील एकाच व्यक्तीच्या नोंदी मी ओळीने वाचल्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंशी आमचे वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून बिनसले होते. सुरुवातीच्या वहीत लिहिले आहे, "प्रभू, त्यांना सुबुद्धी दे." हे वाक्य पुढील बऱ्याच पानांवर तसेच आहे, आणि त्यात सुबुद्धीची गरज कोणाला आहे याविषयी मला तिळमात्र शंका दिसत नाही. नंतरच्या एका वहीत "त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट होऊ दे" असे आहे. त्यानंतर कधीतरी "आम्हा दोघींना बोलण्याची वाट दाखव" असे आले आहे. ही शेवटची नोंद मी कोणत्या प्रसंगानंतर केली, ते आठवत नाही. कोणतेही प्रवचन, कोणतीही सभा डोळ्यांसमोर येत नाही. रोज एखाद्याचे नाव घेऊन देवापुढे बसले की त्या नावाविषयीचा कडवटपणा टिकवणे कठीण होत जाते, एवढेच मला त्यातून समजले. वाटणीचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, पण नाताळात करंज्यांचा डबा दोन्हीकडून जातो.

घाऊक व्यापारी, सियागंज

लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराला व्यवहार सुधारणे एका दिवसात जमले. प्रभू घरी आला आणि यजमान उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. मला त्या माणसाचा हेवा वाटतो, कारण माझे दुकान टप्प्याटप्प्यानेच सुधारले. प्रथम वजन चोख झाले. मग कच्च्या बिलांचे प्रमाण कमी होत गेले, आणि यात २०१७ च्या जीएसटीचाही वाटा आहे, सगळे श्रेय पवित्र आत्म्याला देणे खोटेपणाचे होईल. हम्मालांची मजुरी शनिवारी संध्याकाळी न मागता हातात ठेवणे ही सवय सर्वांत शेवटी लागली. वास्तविक याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांच्या अडवलेल्या मजुरीविषयी इतके स्पष्ट लिहिले आहे की ते सर्वांत आधी व्हायला हवे होते. जिथे खिशाला कमी तोशीस पडते तिथे माणूस आधी पवित्र होतो, असे माझे निरीक्षण आहे.

परिचारिका, शासकीय रुग्णालय

बेथसैदाच्या आंधळ्याचा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी केवळ मार्कमध्ये आहे. येशू त्याच्या डोळ्यांना हात लावतो आणि काही दिसते का, असे विचारतो. तो म्हणतो, माणसे दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी दिसतात. मग येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो आणि त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागते. प्रभूला एका स्पर्शात बरे करता आले नसते का, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडत असे. वॉर्डात काम करू लागल्यावर तो प्रश्न पडेनासा झाला.

जनरल वॉर्डात रुग्ण म्हणजे खाटेचा क्रमांक. "बाराची सलाईन संपली", "सोळाचे ड्रेसिंग राहिले", असेच आम्ही बोलतो, आणि इतक्या रुग्णांमध्ये दोन-तीन परिचारिका असताना दुसऱ्या पद्धतीने काम उरकणारही नाही. मी कोणाशी वाईट वागत नव्हते, औषधे वेळेवर देत होते, तरी मला ती माणसे झाडांसारखीच दिसत होती. ड्यूटीवर निघण्यापूर्वी गलतीकरांस पत्रातील आत्म्याच्या फळाची नऊ नावे म्हणण्याची सवय आईने लावली होती: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मी ती पाढ्यांसारखी म्हणत असे.

यात बदल कसा झाला ते मला दुसऱ्या व्यक्तीकडून कळले. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने विचारले, "ताई, तुम्ही सुई टोचण्याआधी प्रत्येकाला नावाने हाक का मारता? केसपेपर बघायला वेळ लागतो." मी असे करते हे तोपर्यंत माझ्या ध्यानातही नव्हते. झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्या भिली बोलणाऱ्या आजीला तिच्या नावाने हाक मारली की ती दंड आपणहून पुढे करते, हे मात्र मला ठाऊक होते, आणि कदाचित तिथूनच ती सवय वाढली असावी. सहनशीलतेच्या बाबतीत मी अजून कच्ची आहे. नातेवाइकांची गर्दी खाटेभोवती जमली की माझा आवाज चढतो. नऊही फळे एकाच हंगामात पिकत नसावीत.

कॅथलिक गृहिणी, पलासिया

धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) राणी मारिया यांचे नाव इंदूरमध्ये सर्वांना माहीत आहे. केरळमधून आलेल्या या धर्मभगिनी देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गरीब शेतमजुरांमध्ये काम करीत होत्या आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य घोषित करण्याचा विधी झाला, त्याला मी उपस्थित होते. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतः धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, हे सर्वांना तोंडपाठ आहे. ऐकणाऱ्याला ती राखी आणि ती हत्या एकामागोमाग घडल्यासारख्या वाटतात, पण मध्ये कित्येक वर्षे गेली होती. त्या वर्षांत त्या घरात काय चालले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. क्षमेचे छायाचित्र निघते, तिच्या तयारीचे निघत नाही.

माझे स्वतःचे सांगण्यासारखे थोडे आहे. संत इग्नेशियस यांनी शिकवलेले दिवसाचे परीक्षण मी रात्री करते: दिवसाबद्दल आभार, प्रकाशासाठी विनंती, सकाळपासूनच्या घटना आठवणे, चुकांची क्षमा मागणे आणि उद्याचा संकल्प. पूर्वी मी थेट चौथ्या पायरीवर जात असे आणि स्वतःला दोष देत झोपी जात असे. आभारांवर थांबायला शिकण्यातच माझी पुष्कळ वर्षे गेली, आणि अजूनही उपवासकाळात जुनी सवय डोके वर काढते.

संगणक अभियंता, विजय नगर

वरील सर्वांचे लिहिणे वाचले. माझी अडचण उलटी आहे. महाविद्यालयात असताना प्रार्थनेत डोळे भरून येत, आता काहीच वाटत नाही. गायकवृंदात गातो, प्रभुभोजन घेतो, पवित्र शास्त्राचा दिवसाचा भाग फोनवर वाचतो, पण आतून सर्व कोरडे आहे. याला वाढ म्हणायची की उतार, हे जाणकारांनी सांगावे.

सेवानिवृत्त पाळक, परदेशीपुरा

विजय नगरच्या आमच्या तरुण बंधूंना प्रथम उत्तर देतो. दादा, तुम्ही स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते मंदिराच्या गीतसंग्रहात ठेवले गेले. ते रचणारा देवाशी बोलणे सोडत नाही, एवढीच त्याची जमेची बाजू आहे, आणि गायकवृंद न सोडणारे तुम्ही त्याच्याच पंगतीला आहात. डोळे भरून येणे ही कृपा खरी, परंतु वाढ मोजण्याचे ते माप नव्हे. तुमची चिडचीड, तुमचा पैसा, तुमचा शब्द पाळणे, यांत काय झाले ते घरच्यांना विचारा.

आता मूळ विषयाकडे. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ मध्ये सुरू झाले, आणि त्या परंपरेतील लघुप्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची शिकवण प्रश्नोत्तरांत देणारी पुस्तिका, मी लहानपणी पाठ केली आहे. तीत नीतिमान ठरवणे ही देवाच्या कृपेची एक कृती मानली आहे, तर पवित्रीकरण, म्हणजे माणूस पवित्र होत जाणे, हे त्याच कृपेचे काम मानले आहे. पहिले निकालासारखे एकदाच होते, दुसरे आयुष्यभर चालते. ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचे सगळे जीवन पश्चात्तापाचे असावे. ज्या पौलाचे नाव आपण तारखेसाठी घेतो तो स्वतः गलतीकरांना लिहितो की तो आधी अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमेस जाऊन पेत्राला भेटला, आणि चौदा वर्षांनंतर पुन्हा तिथे गेला. त्याच पत्रात अंत्युखियाची हकीकत आहे. पन्नासाव्या दिवसाचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा, अनुभव घेतलेला पेत्र, लोक काय म्हणतील या भीतीने, परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्याच वाटेने आल्या त्या काही वर्षांनी, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतः विचार करून सोडवत. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनीच पूर्ण केले.

दृढीकरणाच्या वर्गात मी मुलांना तारणाची तारीख विचारत नसे. गेल्या वर्षी याच सुमारास तुम्ही कोणाशी अबोला धरला होता आणि आज त्या व्यक्तीशी बोलता का, असे विचारत असे. मुले आधी हसत, मग एकमेकांकडे पाहत.

आवाहनातील एका गोष्टीशी मात्र माझा मतभेद आहे. शेतकरी झोपतो हे खरे, पण हा दृष्टान्त आळशांच्या फार सोयीचा पडतो, आणि "प्रभू हळूहळू बदलेल" असे म्हणत दारूचा पेला किंवा सुनेचा छळ न सोडणारी माणसे मी मंडळीत पुष्कळ पाहिली आहेत. पेत्राचे दुसरे पत्र पहिल्याच अध्यायात होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकता, सात्त्विकतेत ज्ञान, ज्ञानात इंद्रियदमन अशी एकेकाची भर घालायला सांगते. लूकच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ आले नाही. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले, पण ते भोवती खणून खत घालण्यासाठी. सियागंजच्या बंधूंनी मजुरीचे जे लिहिले आहे, ते मला या खणण्यातले वाटते, आणि जीएसटीचा उल्लेख त्यांनी गाळला नाही, हेही.