मदत हवी आहे: येझ्दी गरम झाली की बंद पडते, रविवारपूर्वी उपाय हवा

शिरवळकर
नमस्कार. माझ्या वडिलांच्या येझ्दी मोटरसायकलच्या इंजिनाचे पूर्ण काम गेल्या महिन्यात करून घेतले. गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि गावात फिरताना काहीही जाणवत नाही. परंतु पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवली की तिची ताकद कमी होत जाते आणि शेवटी ती बंद पडते. अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. काल खंबाटकी घाटात दोनदा थांबावे लागले आणि मागे बसलेल्या वडिलांना उन्हात उभे राहावे लागले. मिस्त्री म्हणतात, नवीन बोअर (सिलिंडरचे कातून मोठे केलेले छिद्र) आहे, हळूहळू मोकळे होईल. येत्या रविवारी वडिलांचा ७५वा वाढदिवस आहे आणि त्यांना याच गाडीवरून साताऱ्याला जायचे आहे. कृपया नेमके कारण सांगावे. प्लग नवीन आहे आणि कार्बोरेटर साफ केलेला आहे, त्यामुळे तेवढे सोडून बोलावे.

हेमंत_आर
सर्वप्रथम कूलंटची पातळी पाहावी. त्यानंतर रेडिएटरचा पंखा सुरू होतो की नाही ते तपासावे. माझ्या मित्राच्या गाडीत पंख्याच्या फ्यूजमुळे अगदी हीच लक्षणे दिसत होती.

गॅरेजची लेक
हेमंत, आपण २०२२ साली आलेल्या नव्या येझ्दीबद्दल बोलत आहात. ती ३३४ सीसीची, पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक गाडी आहे. वडिलांची गाडी, बोअर आणि किक यांचा उल्लेख पाहता ही म्हैसूरच्या कारखान्यातील जुनी टू-स्ट्रोक असणार. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. तिच्यात कूलंटही नाही आणि रेडिएटरही नाही.

शिरवळकर, मला काही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. मॉडेल कोणते, क्लासिक की रोडकिंग? पूर्ण काम म्हणजे फक्त बोअर आणि पिस्टन, की क्रँकही (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) उघडला होता? पेट्रोलात लिटरला किती ऑइल मिसळता? गाडी बंद पडली त्या क्षणी किक मोकळी असते की जड? प्लग नवीन आहे हे समजले, पण त्याचा रंग काय आहे?

घाटवाट
ऑइल कमी पडत आहे, दुसरे काही नाही. नवीन बोअरला पहिले हजार किलोमीटर लिटरला ७० मिली टू-टी ऑइल घालावे. मी १९८४ पासून येझ्दी चालवत आहे आणि माझे इंजिन एकदाही पकडलेले (पिस्टन अडकून जाम झालेले) नाही. धूर होतो तो होऊ द्यावा. या इंजिनाला ऑइल जास्त झाले म्हणून कधी इजा होत नाही.

प्लगपाना
घाटवाट काकांच्या अनुभवाचा आदर ठेवूनही मला येथे स्पष्ट विरोध नोंदवावा लागेल. कार्बोरेटरमधील जेटच्या छिद्रातून ठरावीक मापाचेच द्रव जाते. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, शिवाय दाट मिश्रण जेटमधून सावकाश उतरते. परिणामी हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन अधिक तापते. १:२५ हे प्रमाण, म्हणजे लिटरला ४० मिली, या इंजिनाला पुरेसे आहे. रनिंग-इनसाठी, म्हणजे नवीन इंजिन रुळेपर्यंत, फार तर १:२०, म्हणजे ५० मिली. त्यापुढे गेल्यास पिस्टनवर आणि सायलेन्सरमध्ये कार्बनच साचतो.

माझा संशय ठिणगीच्या सर्किटमधील कंडेन्सरवर आहे. थंड असताना तो उत्तम काम करतो आणि तापला की ठिणगी मरते. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडले आहेत का ते पाहावे आणि त्यांची फट ०.४ मिमी ठेवावी.

घाटवाट
पुस्तकातील प्रमाण त्या काळच्या पेट्रोलसाठी होते. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पावसाळ्यात त्यात पाणी उतरते आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसते. अशा पेट्रोलात ऑइल कमी घालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

प्लगपाना
इथेनॉलचा मुद्दा योग्य आहे, पण त्याचा निष्कर्ष उलट निघतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागते. म्हणजे मेन जेट एक आकडा मोठा करावा लागेल. ऑइल वाढवल्याने ती उणीव भरत नाही, वाढते.

शिरवळकर
आपण सर्व जण ऑइलवर वाद घालत आहात आणि माझ्या हाती चार दिवस उरले आहेत. येझ्दी म्हणजे येझ्दी, मॉडेलने काय फरक पडतो? तरीही सांगतो: क्लासिक, १९८६ची, ६ व्होल्टची. मिस्त्रींच्या सांगण्यावरून लिटरला ६० मिली ऑइल घालतो. बंद पडल्यावर किक थोडी जड वाटते, पण अडकत नाही. प्लग आता काढून पाहिला; पांढरा आहे, जळलेल्या खडूसारखा.

डोंबिवली_६व्होल्ट
६ व्होल्ट वाचले म्हणून लिहितो. मी माझी गाडी १२ व्होल्टवर नेली आहे आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे. रात्री हेडलाइटचा प्रकाश असा पडतो की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. आपण इंजिन उघडलेच आहे, तर हे कामही लगेच करून घ्यावे. कोणाला वायरिंगची आकृती हवी असल्यास मी काढून देईन.

गॅरेजची लेक
प्रकाशाचा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही. रविवारच्या आधी संपूर्ण वायरिंग बदलले आणि गाडी तरीही बंद पडली, तर दोष जुना की नवा हेच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी वडिलांच्या गॅरेजमध्ये लहानपणी शिकले.

शिरवळकर, पांढरा प्लग म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कंडेन्सर गेला असता तर गाडी ठसकत, फटफट आवाज करत अडखळली असती. ताकद हळूहळू ओसरली नसती. तरीही खात्री करून घ्यावी. बंद पडताच प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी आणि ठसठशीत असेल तर तो विषय तेथेच संपवा. त्याच वेळी टाकीचे झाकणही उघडून पाहा. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचे छिद्र बुजले आहे आणि टाकीतून पेट्रोल उतरणे थांबत आहे.

आपण अजून एका प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही: क्रँक उघडला होता का?

शिरवळकर
होय, उघडला होता. कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग नवीन, पिस्टन ०.५० मिमी मोठ्या मापाचा. ठिणगी आजच तपासली, निळी आहे. झाकण उघडे ठेवून पाच किलोमीटर गेलो, काही फरक नाही.

आणखी एक गोष्ट घडते, ती महत्त्वाची आहे की नाही मला ठाऊक नाही. बंद पडण्याच्या थोडे आधी अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, उलट आपोआप चढते. केबल अडकत असेल असे समजून ती बदलली आणि स्लोचा स्क्रूही मागे घेतला.

जुना हात
शिरवळकर, आपण ज्या गोष्टीला महत्त्व दिले नाही, तीच या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमधून श्वास घेते. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन वर बोअरमध्ये चढते. म्हणून या इंजिनात क्रँककेस हवाबंद असणे हे रिंग चांगल्या असण्याइतकेच आवश्यक आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील, म्हणजे हवा आणि तेल अडवणारी रबरी कडी, असतात. डावे सील क्लच आणि प्रायमरी चेनच्या बाजूचे. ते गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाते, पांढरा दाट धूर येतो, प्लग काळा आणि ओला होतो, आणि गिअर ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. उजवे सील डायनॅमोच्या मागे, कोरड्या बाजूला असते. ते गेले तर आत हवा शिरते. धूर नाही, गळती नाही, बाहेरून काहीही दिसत नाही. प्लग मात्र पांढरा पडतो, इंजिन तापते आणि रेस आपोआप चढते. ही सर्व लक्षणे आपण स्वतःच लिहिली आहेत.

कामाच्या आधी ही तक्रार होती का? नसेल, तर दोष कामातच शोधावा. पेट्रोल तेव्हाही हेच होते. सील नवीन बसवले होते का, हे मिस्त्रींना विचारा.

आणि एक विनंती: हे समजेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. किक जड वाटते याचा अर्थ पिस्टन फुगून बोअरला धरू लागला आहे. उतारावर पूर्ण पकडला तर मागचे चाक जाम होते, आणि आपल्या मागे ७५ वर्षांचे गृहस्थ बसलेले असणार.

घाटवाट
सीलचा मुद्दा मला पटतो. तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून डायनॅमोचे कव्हर उघडावे आणि सीलच्या बाजूला पेट्रोलचे चार थेंब सोडावेत. रेस बदलली तर सील गेले आहे.

जुना हात
असे कृपया कोणीही करू नये. या गाडीत पॉइंट त्याच कव्हरच्या आत आहेत आणि इंजिन चालू असताना तेथे ठिणग्या पडत असतात. पेट्रोल पेटेल. कार्बोरेटरच्या फ्लँजवर (तो इंजिनाला जोडला जातो त्या सांध्यावर) आणि ब्लॉकखालच्या (सिलिंडरखालच्या) पॅकिंगवर कार्ब क्लीनर मारून पाहणारे पुष्कळ आहेत, परंतु तापलेल्या इंजिनावर मला तेही आवडत नाही.

इंजिन बंद ठेवून दाबाची तपासणी करावी. कार्बोरेटर काढून त्या तोंडावर जाड रबराचा तुकडा आणि पत्रा लावून बोल्ट आवळावेत. दोन्ही एक्झॉस्ट बंद करावेत. एकाच सिलिंडरला दोन एक्झॉस्ट असल्यामुळे दुसरे विसरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग ते सीलला दोष देतात. पिस्टन तळाशी आणावा, म्हणजे बोअर आणि क्रँककेस एकमेकांना जोडले जातात. प्लगच्या जागी जुन्या प्लगची पोकळ बॉडी लावून तिला नळी जोडावी. पंपाने हवा भरू नये, दाब पटकन वाढतो आणि चांगले सीलही उलटते. मी डॉक्टरांचे रक्तदाब मोजायचे जुने यंत्र वापरतो. रबरी फुगा दाबत काटा ३०० पर्यंत न्यावा. तो साधारण ६ पीएसआय होतो आणि तेवढाच पुरेसा आहे. त्यानंतर डायनॅमो उतरवून सीलवर, फ्लँजवर आणि पॅकिंगच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. काटा पाच मिनिटे जवळपास स्थिर राहिला पाहिजे.

शिरवळकर
मिस्त्रींशी बोललो. जुनी सील मऊ आणि चांगली दिसली म्हणून तीच पुन्हा बसवली, असे त्यांनी सांगितले. कामाच्या आधी गाडीचा पिकअप कमी होता, पण ती कधीही तापून बंद पडली नव्हती.

प्लगपाना
मग कंडेन्सरचा आग्रह मी सोडतो. एकदा उपसून काढलेले सील पुन्हा बसवू नये. त्याची कड शाफ्टवर वर्षानुवर्षे एका जागी घासून बसलेली असते.

शिरवळकर
शुक्रवार रात्र. आमच्या डॉक्टरांनी जुने यंत्र दिले. काटा ३०० वर नेला आणि दहा सेकंदांत तो शून्यावर आला. साबणाचे बुडबुडे डायनॅमोच्या मागे, एकाच जागी, मोठमोठे येत होते. कार्बोरेटरच्या फ्लँजवरही बारीक फेस होता. मिस्त्रींनी माझ्यासमोर सील काढले. त्याच्या आतली गोल स्प्रिंग खाचेतून सुटलेली होती आणि कड एका बाजूला दुमडलेली होती. त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि मजुरी घेतली नाही. दोन्ही सील नवीन बसवले, फ्लँजचे पॅकिंग बदलले. आता काटा पाच मिनिटांत फक्त २९० पर्यंत उतरतो.

ब्लॉक काढला तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले. नखाला लागत नाहीत. पिस्टन बदलावा का?

जुना हात
नखाला लागत नसतील आणि रिंग खाचेत मोकळ्या फिरत असतील तर बदलू नका. ओरखड्यांची उंच टोके बारीक पॉलिश पेपरने तेल लावून हलक्या हाताने उतरवा. बोअरला अॅल्युमिनियम चिकटले असेल तर मात्र ते पूर्ण काढलेच पाहिजे. ऑइल लिटरला ५० मिली, आणि पुढचे ५०० किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नका.

घाटवाट
५० मिलीला माझी हरकत नाही.

शिरवळकर
रविवारी घाटात वडिलांना मागे बसवण्याचे धाडस केले नाही. धाकटा भाऊ त्यांना मोटारीतून घेऊन आला, मी येझ्दी एकट्याने सावकाश चढवली आणि मध्ये दोनदा स्वतःहून थांबून तिला थंड होऊ दिले. अॅक्सिलरेटर सोडला की रेस लगेच खाली येत होती. सुरूरला वडील मागे बसले आणि भुईंज, पाचवड करत आम्ही साताऱ्याला पोहोचलो. मी गाडी उभी करताच त्यांनी पहिल्यांदा खाली वाकून इंजिनाजवळ हात नेऊन पाहिला. प्लग आता विटकरी-तपकिरी आहे. मी सुरुवातीला मॉडेलबद्दल चिडून लिहिले आणि क्रँकबद्दल उत्तर दिले नाही, त्याबद्दल क्षमस्व.

कोल्हापूर_रोडकिंग
माझ्याही गाडीची रेस अशीच चढते. सील कोणत्या मापाचे घेतले ते सांगाल का?

शिरवळकर
जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली होती. तेच दुकानात दाखवून घेतले. आपली गाडी रोडकिंग आहे, त्यामुळे माझे माप आपल्याला सांगत नाही. सील काढल्यावर त्यावरचे आकडे वाचून घ्यावेत, आणि त्याआधी दाबाची तपासणी करावी. दुसरे एक्झॉस्ट बंद करायला विसरू नये.